सासूबाईंना ‘द मॉल्टीज फाल्कन’ दाखवायचा तर

पहिल्यांदा मी हा चित्रपट रात्री साडेनऊला लावला आणि खून व्हायच्या आत आई घोरायला लागल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय 78, आणि सिरियलमधला खलनायक दोन एपिसोड आधी ओळखण्यात पटाईत. चूक माझीच होती, म्हणून आता जमलेली पद्धत सांगते.

शनिवारी दुपारी चार वाजता, चहा आटोपून बसा. चित्रपट शंभर मिनिटांचा, दिवेलागणीच्या आत संपतो. खिडकीवर जाड चादर लावा, नुसता पडदा पुरत नाही. 1941 चा कृष्णधवल आहे, अर्धा कारभार सावल्यांत चालतो. काचेवर ट्यूबलाइट चमकली की खेळ खलास. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल जास्तच गुळगुळीत दाखवणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर नायक हम्फ्री बोगार्ट सिरियलमध्ये उभा असल्यासारखा दिसतो. रंग फासलेली प्रत हाती लागली तर परत ठेवा. 1980च्या दशकात ती निघाली तेव्हा दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन जाहीरपणे भडकला होता. बरोबरच होतं त्याचं.

इंग्रजी नावं पाठ करायला लावू नका. सॅन फ्रान्सिस्कोत एका काळ्या पक्ष्याच्या पुतळ्यामागे माणसं लागलीत आणि सॅम स्पेड (म्हणजे बोगार्ट) हा खासगी गुप्तहेर मध्ये अडकलाय, एवढं पुरे. पुतळ्यामागे लागलेल्यांपैकी पीटर लॉरे हा नट आमच्याकडे ‘अत्तरवाला’ झाला, कारण त्याच्या व्हिजिटिंग कार्डालाही वास येतो. दुसरा नट सिडनी ग्रीनस्ट्रीट ‘ढेरपोट्या’. कॅमेरा त्याला खालून दाखवतो, त्यामुळे चेहऱ्याआधी पोटच अंगावर येतं. हा त्याचा पहिला चित्रपट, तोही वयाच्या 61व्या वर्षी, असं सांगितल्यावर आई सावरून बसल्या.

आता महत्त्वाचं. प्रत्येक वाक्याचं मराठी करत बसू नका. मी एकदा केलं, तर सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. दोनदा पॉज घेऊन गोष्ट सांगा, बाकी वेळ गप्प. त्या वेळात प्रत्येकाने ‘कोण खोटं बोलतंय’ याची चिठ्ठी लिहून रिकाम्या डब्यात टाकायची. ‘खून कुणी केला’ असं विचारू नका, तो प्रश्न एकदाच चालतो. हा चित्रपट ज्या कादंबरीवर आहे, तिच्यावर 1931 आणि 1936 मध्येही चित्रपट निघाले होते, पण लोक पुन्हा पुन्हा बघतात तो हा तिसरा.

मी एकच जागा रिवाइंड करते. स्पेड ढेरपोट्यावर जोरात ओरडतो, ग्लास फोडतो, दार आपटून निघतो. बाहेर पॅसेजमध्ये येतो आणि चक्क हसतो. म्हणजे राग नाटकी होता! मग त्याची नजर स्वतःच्या हाताकडे जाते. हात थरथरतोय. नाटक कुठपर्यंत आणि भीती कुठून, यावर आमच्याकडे भांडण झालंय. कादंबरीकार डॅशिएल हॅमेट स्वतः आधी खासगी गुप्तहेर होता. माणूस बाहेरून एक आणि आतून एक कसा असतो, हे त्याने जवळून पाहिलं असणार.

स्पेडकडे मदत मागायला येणारी बाई म्हणजे मेरी ॲस्टर. तिच्या बाबतीत मात्र घरच्यांना काही सुचवू नका. ती एकामागून एक तीन नावं सांगते, तरी आमच्या ह्यांना तिची दया येत होती. आई म्हणाल्या, “जिना चढून आली नाही, काही नाही, मग हिला धाप कसली लागलीय?” मी चाटच पडले. शॉटच्या आधी ॲस्टर मुद्दाम जोरजोरात श्वास घेऊन यायची, ते मला वाचून कळलं होतं. आईंना नुसतं बघून.

शेवटी एक लिफ्ट येते. तिची जाळी बंद होते, सळ्यांची सावली एका चेहऱ्यावर पडते. ती खाली जाईपर्यंत डबा उघडायचा नाही आणि दिवाही लावायचा नाही. आमच्या डब्यात पाच चिठ्ठ्या होत्या. आईंच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, “सगळेच.”

मी रिमोट ठेवायला उठले तर म्हणाल्या, “थांब गं, ती पहिल्यांदा ऑफिसात येते ना, तिथून परत लाव.”