स्वादुपिंडातील गाठ: या चुका टाळा

डोळे पिवळे दिसले की यकृतच बिघडले असे धरून पथ्यपाण्यात महिना जातो. या आजारात या चुकीने मोठे नुकसान होते. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ वाढली की शेजारची पित्तनलिका दाबली जाते आणि पित्त आतड्यात उतरत नाही. लघवी गडद होते, शौच पांढुरकी पडते, अंगाला खाज सुटते. पोट मात्र अनेकदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अशा काविळीची तपासणी लगेच व्हायला हवी.

सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली की थांबणे, ही पुढची चूक. स्वादुपिंड जठराच्या मागे असते, आतड्यातील वायूमुळे ते नीट दिसत नाही. वजन घटतेय, पोटातली कळ पाठीत जातेय, पन्नाशीनंतर अचानक मधुमेह झालाय, असे असेल तर सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सीए १९-९ या रक्तातील घटकाच्या चाचणीवरून निदान ठरवू नका. साध्या पित्तअडथळ्यातही त्याची पातळी वाढते आणि काहींच्या शरीरात हा घटक तयारच होत नाही.

गाठ म्हणजे कर्करोगच, हे समीकरणही चुकीचे. स्वादुपिंडाचे सुमारे ९० टक्के कर्करोग अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे मुख्यतः नलिकांच्या अस्तरातून सुरू होणाऱ्या, प्रकारचे असतात हे खरे. पण पाण्याच्या गाठींपैकी सीरस (पातळ द्रवाचा) प्रकार जवळपास नेहमीच निरुपद्रवी असतो. म्युसिनस (चिकट द्रवाच्या) गाठी मात्र पुढे कर्करोगात बदलू शकतात, त्यांची तपासणी चुकवू नये. न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या, गाठी बहुधा सावकाश वाढतात. त्यातला इन्सुलिन सोडणारा इन्सुलिनोमा रक्तातली साखर एकदम उतरवतो, रुग्ण गोंधळतो, बेशुद्ध पडतो, आणि उपचार फिटचे सुरू राहतात! ही गाठ बहुतेकदा साधी, म्हणजे कर्करोग नसलेली, असते व शस्त्रक्रियेने बरी होते. अशा झटक्यात साखर तपासलीच पाहिजे.

कर्करोगात निदानावेळी साधारण पाचातल्या एकाच रुग्णाची गाठ काढता येते. तरीही ‘ऑपरेशन होणार नाही’ ऐकून घरी बसू नका. काहींची गाठ केमोथेरपीने आक्रसून पुढे काढता येते. पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) घालून कावीळ उतरवता येते. स्वादुपिंडाच्या डोक्याकडचा भाग काढण्याची व्हिपल शस्त्रक्रिया मोठी आहे, ती वारंवार करणाऱ्या केंद्रातच करून घ्या.

स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडून शौच तेलकट, तरंगणारी होत असेल तर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. त्या रिकाम्या पोटी घेऊन उपयोग नाही. पहिल्या घासाबरोबर घ्या, जेवण लांबले तर काही मध्येही.