रेडॉनचं मीटर घरात नेमकं कुठे ठेवायचं आणि किती दिवस

माझी नणंद न्यू जर्सीत घर घेत होती तेव्हा तिने वाळवी, गळती सगळं तपासताना रेडॉनची टेस्टपण करून घेतली, तिकडे घर घेताना हे नेहमीचंच आहे म्हणे, आणि मग सुट्टीला पुण्यात येताना ते बॅटरीवर चालणारं छोटं मीटर बॅगेतून आमच्यासाठी घेऊन आली. आमचं कर्वेनगरला जुनं बंगलीवजा घर, खाली तळघर, पूर्वी तिथे गहू-तांदूळ आणि मोडक्या खुर्च्या असायच्या, आता तिथे मुलाची अभ्यासाची खोली आहे, एसी लावलाय म्हणजे दार दिवसभर बंद. मोजताना मी जे घोळ घातले ते तुम्ही घालू नका म्हणून लिहितेय.

आधी थोडक्यात. माती आणि खडकात थोडंफार युरेनियम असतंच, ते झिजत झिजत त्याचं रेडियम होतं आणि रेडियमचा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू. रंग नाही, वास नाही, फरशीच्या भेगा, पाइपाभोवतीच्या फटी असल्या वाटांनी घरात शिरतो आणि बंद जागेत साठतो. वर्षानुवर्ष जास्त रेडॉन श्वासात गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका न ओढणाऱ्यापेक्षा साधारण २५ पट जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता घाबरण्याआधी. आपण पुणेकर बसलोय काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर, त्यात युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने बरंच कमी, शिवाय आपल्या खिडक्या वर्षातले बरेच महिने उघड्याच असतात. त्यामुळे चौथ्या मजल्यावर राहत असाल आणि हवा खेळती असेल तर माझ्या मते मीटरवर पैसे घालवू नका. तळघर, तळमजला, रो-हाउस, जमिनीला टेकलेली बंद एसीची खोली, यांनी मात्र एकदा मोजावं. आणि हो, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच तीच हवा गार करून फिरवतो, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

जागा कुठली? जिथे माणसं खरंच तासन्‌तास बसतात किंवा झोपतात अशी सगळ्यात खालची खोली. स्वयंपाकघर आणि बाथरूम नको, तिथली वाफ, एक्झॉस्ट यांनी आकडे गडबडतात. जमिनीपासून दीड-दोन फूट वर, बाहेरच्या भिंतीपासून फूटभर लांब, खिडकी-दारापासून तीन फूट तरी, आणि पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात नाही. मी पहिल्या दिवशी बिनधास्त खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, मग सासूबाईंनी धूळ पुसताना उचलून कपाटात बंद केलं. आता त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, 'हलवू नये'.

दुसरा घोळ आकड्यांचा. पहिल्या रात्रीनंतर मीटरवर ४.३ दिसलं, मी म्हटलं चला, किती कमी! तर ते अमेरिकेतलं मशीन, ते पिकोक्युरी प्रति लिटर या तिकडच्या मापात दाखवतं. बेकरेल प्रति घनमीटर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना वापरते ते माप, हवं असेल तर ३७ ने गुणायचं, म्हणजे झाले १५९. जागतिक आरोग्य संघटना म्हणते १०० च्या खाली ठेवा, ते शक्य नसेल तर निदान ३०० च्या वर जाऊ देऊ नका, आणि अमेरिकेत ४ पिकोक्युरी म्हणजे १४८ ला उपाय करा म्हणतात. झालं, माझी झोप उडाली. पण पहिल्या दिवसाचा आकडा धरायचाच नसतो, मशीन मोजून मोजून सरासरी काढतं, सुरवातीला ती उगाच वरखाली उड्या मारते. सात दिवसांनी सरासरी १.९ आली, म्हणजे ७०. वर हॉलमध्ये आठवडाभर ठेवलं तर ०.६. दर तासाला जाऊन बघायचं नाही, मी बघत होते.

आठवड्याची टेस्ट असेल तर आधीचे बारा तास आणि टेस्ट चालू असताना सगळ्या घराच्या खिडक्या बंद ठेवा, जाण्या-येण्यापुरतं दार उघडलं तर चालतं. पण खरा आकडा हवा असेल तर तीन महिने ते वर्षभर मोजायचं आणि तेव्हा नेहमीसारखंच राहायचं, कारण डिसेंबर-जानेवारीत आपण सगळं लावून झोपतो, आत ऊब बाहेर गारठा, घर खालची हवा वर ओढतं आणि आकडा चढतो, मे महिन्यात सगळं उघडं टाकलं की उतरतो.

मीटर नसेल तर दोन पर्याय. एक चारकोलची डबी, तिच्यातला कोळसा रेडॉन शोषून घेतो, ती दोन ते सात दिवस ठेवून सील करून लॅबला पाठवायची, पण रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो, डबी कुरिअरात पडून राहिली तर पैसे पाण्यात, त्यामुळे लॅब जवळ नसेल तर मी घेणार नाही. दुसरी प्लास्टिकची फिल्म, तिच्यावर रेडॉनमधून निघणाऱ्या अल्फा कणांचे ओरखडे उमटतात आणि लॅबवाले ते नंतर मोजतात, हिला घाई नसते. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले पिनहोल डोसिमीटर, म्हणजे रेडॉन मोजायच्या बारीक भोकांच्या डब्या, अशीच फिल्म वापरतात, ते बहुतेक संशोधनाच्या कामात असतात, ओळखीत कुणी फिजिक्सचे प्राध्यापक असतील तर विचारून बघा.

आकडा जास्त आला तर लगेच फरशी उखडू नका, आधी पुन्हा मोजा. मग भेगा आणि पाइपाच्या फटी भरा, हवा खेळती करा. एअर प्युरिफायरच्या भरवशावर राहू नका, तो धूळ धरतो, हा वायू नाही. आणि तळघरात हवा नुसती बाहेर फेकणारा पंखा लावू नका, बाहेरून हवा आत यायला वाट नसेल तर तो जमिनीतूनच आणखी वायू खेचेल. खूपच जास्त असेल तर फरशीखालून पाइप काढून पंख्याने वायू गच्चीच्या वर सोडतात, ते जाणकाराचं काम.

आम्ही नळाच्या पाइपाभोवतीची फट भरली आणि वरची जाळीची खिडकी, जी पोराने पुठ्ठा लावून बंद केली होती, ती उघडली. मीटर त्याच जागी परत आठवडाभर ठेवलं, १.१ आलं. पुठ्ठा जप्त केलाय.