सेवा केंद्रावरचा ब्राउझर लावून घेताना

रावेर, यावल, चोपड्याच्या बाजारात सेवा केंद्र म्हणजे बहुतेकदा एकच काँप्युटर, त्यात चार जीबी रॅम, आणि समोर सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, केळीचा फळपीक विमा अशी रांग. अशा मशीनवर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवण्याआधी बऱ्याच गोष्टी बंद कराव्या लागतात. खालच्या पायऱ्या क्रोमच्या आहेत. विंडोजच्या एज ब्राउझरमध्ये थोड्याफार फरकाने याच सापडतील. मशीन अजून विंडोज 7 वर असेल तर क्रोम 109 च्या पुढे जातच नाही. तिथे आधी विंडोजचं बघा, बाकीचं नंतर.

सुरुवात प्रोफाइलपासून करा. उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक केलं की स्वतःचं प्रोफाइल आणि 'गेस्ट' असे दोन रस्ते दिसतात. केंद्राचं लॉगिन, केंद्राचा मेल, बँक हे सगळं पहिल्यात. गिऱ्हाइकाचा डिजिलॉकर किंवा मेल उघडायचा असेल तर गेस्टमध्ये. गेस्टच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की हिस्टरी आणि लॉगिन दोन्ही पुसलं जातं. डाउनलोड केलेली फाइल मात्र डिस्कवर तशीच राहते. आधारची पीडीएफ छापून झाली की 'डाउनलोड्स'मधून आणि रिसायकल बिनमधूनही काढा.

दुसरं दुखणं ऑटोफिलचं. सकाळच्या गिऱ्हाइकाचा पत्ता दुपारच्या अर्जात आपोआप बसतो, घाईत कोणाच्या लक्षात येत नाही आणि अर्ज त्रुटीत जातो. सेटिंग्जमध्ये 'ऑटोफिल अँड पासवर्ड्स' उघडा आणि पत्ते, कार्डं, पासवर्ड जतन करण्याचे तिन्ही पर्याय बंद करा. आधी साठलेली सूचना रकान्याखाली दिसत असेल तर बाणाच्या कळीने तिच्यावर जा आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. तेवढीच नोंद जाते.

आता लाइट जाण्याचा प्रश्न. भारनियमनाला कंटाळून बरेच जण 'ऑन स्टार्टअप'मध्ये 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' निवडतात. सोयीचं वाटतं, पण यात टॅबबरोबर लॉगिनही जिवंत राहू शकतं. कुकी म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी साइटची नोंद. एरवी ब्राउझर बंद होताच संपणारी कुकी या सेटिंगमुळे टिकते. चार जणांचा हात लागणाऱ्या मशीनवर हे नको. साधं नवीन टॅब पान ठेवा. लाइट गेल्यावर क्रोम स्वतःच 'रिस्टोर' विचारतं, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबा. पानं परत येतात. अर्धवट भरलेला मजकूर येईलच असं नाही. पोर्टलवर मसुदा जतन करायचं बटण असेल तर प्रत्येक टप्प्यावर दाबत चला.

नोटिफिकेशन सरळ बंद. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स'. तिथे साइटना परवानगी मागूच देऊ नका, आणि खाली 'अलाउड' यादीतली अनोळखी नावं एकेक करून काढा. कोपऱ्यात 'तुमच्या काँप्युटरमध्ये व्हायरस' म्हणून उडणारी पाटी बहुतेक वेळा इथूनच आलेली असते. अँटिव्हायरस विकत घेण्याआधी ही यादी बघा.

पॉप-अपचं उलट आहे. पावती किंवा पेमेंटचं पान वेगळ्या खिडकीत उघडणाऱ्या साइटवर बटण दाबून काहीच होत नाही, तेव्हा पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बारीक चिन्ह आलेलं असतं. त्यावर क्लिक करून फक्त त्या साइटला परवानगी द्या. सगळ्यांना मोकळं सोडू नका.

अंगठ्याचं मशीन किंवा सहीचा डोंगल काल चालत होता, आज सापडत नाही? ही यंत्रं काँप्युटरवरच चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्राममार्फत साइटशी बोलतात, आणि नव्या क्रोममध्ये त्यासाठी 'लोकल नेटवर्क ॲक्सेस'ची परवानगी विचारली जाते. घाईत 'ब्लॉक' दाबलं गेलं की यंत्र ठणठणीत असूनही साइटला दिसत नाही. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हातून त्या साइटची सेटिंग्ज उघडा, 'अलाउ' करा, पान रिफ्रेश करा. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याचा उद्योग त्यानंतरच.

भाषांतराची पट्टीही घालवा. 'लँग्वेजेस'मध्ये गूगल ट्रान्सलेट बंद करा. भाषांतर चालू असताना गावांच्या यादीतली नावंही बदलू शकतात. रावेर तालुक्यातलं पाल गाव शोधताना यादीत भिंतीवरची पाल निघाली, तर गिऱ्हाइकाला काय सांगणार?

डिजिटल सहीचा सातबारा क्रोममध्ये नुसता दिसतो, सही तपासली जात नाही. 'साइट सेटिंग्ज'च्या तळाशी, जादा सेटिंग्जमध्ये, पीडीएफ उघडण्याऐवजी डाउनलोड करण्याचा पर्याय निवडा आणि फाइल ॲडोबी रीडरमध्ये उघडा.

रॅमसाठी 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरी सेव्हर चालू करा, 'बॅलन्स्ड' पुरे. वापरात नसलेले टॅब तो झोपवतो. केंद्राचं पोर्टल कायम जागं ठेवायच्या यादीत टाका, नाहीतर ओटीपी बघून परत येईपर्यंत पान झोपू शकतं. 'सिस्टिम'मध्ये क्रोम बंद केल्यावरही मागे चालत राहण्याचा पर्याय असतो, तो काढा. भुसावळच्या मे महिन्यात जुन्या मशीनचा पंखा आधीच किंचाळत असतो.

एवढं झाल्यावर एक्स्टेन्शन. खरं तर एकच पुरतं: जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन लाइट. जुनं यूब्लॉक ओरिजिन क्रोमच्या नव्या नियमांमुळे तिथे चालत नाही. तेच हवं असेल तर फायरफॉक्स घ्या. स्टोअरमध्ये मिळत्याजुळत्या नावांच्या नकला असतात, म्हणून बनवणाऱ्याचं नाव रेमंड हिल आहे ना ते बघा. बसवल्यावर पेमेंटचं पान अडकलं तर त्याच्या चिन्हावर क्लिक करून स्लायडर पूर्ण डावीकडे न्या. तेवढ्या साइटपुरतं ते बंद होतं.

मराठी टायपिंगसाठी एक्स्टेन्शन लागतच नाही. विंडोज 10 च्या 2019 च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडा, तिच्या पर्यायांतून तो कीबोर्ड निवडा, आणि विंडोज कळ धरून स्पेस दाबत भाषा बदला. वर्डमध्येही चालतो.

पीडीएफ जोडणारी, फोटो लहान करणारी, स्क्रीनशॉट काढणारी फुकट एक्स्टेन्शनं मोह घालतात. बसवताना 'सगळ्या साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागितली, तर त्याला गिऱ्हाइकाचा आधार क्रमांकही दिसतो हे धरून चाला. आज चांगलं असलेलं उद्या विकलंही जातं. द ग्रेट सस्पेंडर हे टॅब झोपवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन 2020 मध्ये दुसऱ्याच्या हाती गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. असं एखादं एक्स्टेन्शन ठेवायचंच असेल तर त्याच्या 'डिटेल्स'मध्ये साइट ॲक्सेस 'ऑन क्लिक' करा, म्हणजे तुम्ही चिन्ह दाबाल तेव्हाच ते जागं होईल.

क्रोम तरीही जड वाटलं तर शिफ्ट धरून एस्केप दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. 'मेमरी' या शीर्षकावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो, आणि एक्स्टेन्शन असेल तर त्याचं नाव तिथेच दिसतं.