पॅलिएटिव्ह नर्सिंगला येताय? आधी घड्याळ बघायला शिका

जीएनएम, बीएस्सी असं नर्सिंगचं शिक्षण झालेल्या मुली विचारतात, पॅलिएटिव्हला, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करायच्या सेवेला, येऊ का? जरूर या. पण आयसीयूची धावपळ नको म्हणून येत असाल तर येऊ नका. इथे धावपळ कमी आहे, काम हलकं नाही.

माझा सहा वर्षांचा वॉर्डचा अनुभवच मला आडवा आला. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार बाबा, तोंडाचा कॅन्सर. मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनेवरची, गोळी सुरू झाली आणि मी सूनबाईंना सांगून आले, "दुखलं की द्या." वॉर्डात एसओएस, म्हणजे गरज पडली तरच, असं वाचायची सवय! बाबा कधी मागायचेच नाहीत. विचारलं की, "बरंय, सिस्टर." पुढच्या भेटीत सूनबाई हळूच म्हणाल्या, नातवंडं जागी होऊ नयेत म्हणून ते रात्रभर ओट्यावर बसून असतात. अकरा रात्री. त्या माझ्यामुळे गेल्या.

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. कळ उठल्यावर गोळी दिली तर ती लागू पडेपर्यंत माणूस तळमळतो. म्हणून दुखो न दुखो, सहा, दहा, दोन, सहा. रात्री दहाला डॉक्टर बहुधा दुप्पट डोस लिहितात, म्हणजे दोनला उठवायला नको. मधेच कळ आली तर त्यासाठी वेगळा जादा डोस लिहून घ्या. आधुनिक हॉस्पिस चळवळ सुरू करणाऱ्या डॉक्टर सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठीचं रुग्णालय, उघडलं, त्याच्या आधीपासून त्या हेच, गोळी वेळेवर द्या, सांगत होत्या. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषधही पहिल्या दिवसापासून द्या. मळमळ, गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही.

ऑनलाइन सर्टिफिकेट घ्या, पण त्यावर विसंबू नका. "पेशंटमध्ये गुंतू नकोस" एवढंच शिकवणाऱ्या सिनियरपेक्षा खाटेशी बसून तोंड पुसणारी सिनियर गाठा, तिच्याबरोबर महिनाभर घरभेटी करा. पहिला मृत्यू पाहून रडू आलं तर घाबरू नका, मलाही आलं होतं, अजून येतं.

वेळा लावून दिल्यावर बाबा झोपू लागले. ऑक्टोबरात गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, बांधावर खुर्ची टाकून बसले, कुठली काडी ठेवायची ते मुलाला हातानेच दाखवत होते.

२०१४ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातल्या, दुरुस्तीने मॉर्फिनचे नियम सैल झाले, तरी ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलात मिळत नाही. शुक्रवारी प्रत्येक घरच्या गोळ्या मोजा. सोमवारपर्यंत पुरत नसतील तर त्याच दिवशी नाशिकहून मागवा.