बोर्ड तोच, तोंड नवं

आमच्या किराणा दुकानाचा ६ बाय ३ फुटांचा ग्लोसाइन, म्हणजे आतून उजळणारा बोर्ड. वळवाच्या वाऱ्यात त्याचं ॲक्रिलिक उभं तडकलं, आत पाणी गेलं, ट्यूबा गेल्या. पेटी मात्र ठणठणीत होती, म्हणून नवा बोर्ड न करता ॲक्रिलिकच्या जागी फ्लेक्स ताणायचं ठरवलं.

पहिला फ्लेक्स साध्या होर्डिंगचा निघाला. मागून उजेड पडताच रंग फिके आणि बोर्डाचा चेहरा मळकट. मग बॅकलिट, म्हणजे मागच्या उजेडासाठीचा फ्लेक्स आणला, चारी बाजूंनी ४ इंच जास्तीचा.

ताणताना कोपऱ्यापासून सुरुवात केली, तिथेच फसलो. तिरक्या सुरकुत्या! सगळं सोडलं, दुपारच्या उन्हात फ्लेक्स तासभर पसरून मऊ होऊ दिला. आधी वरच्या-खालच्या बाजूंचे मध्य, मग डाव्या-उजव्याचे, तिथून कोपऱ्यांकडे सरकत स्क्रू मारले. वरून ॲल्युमिनियमची पट्टी. ढोलकीसारखा वाजला!

ट्यूबांऐवजी १ वॉटची ७२ एलईडी मॉड्यूल (छोटे तयार दिवे), ६-६ इंचांवर. १२ व्होल्टला ६ अँपिअर लागतात, म्हणून वीज पुरवणारा सप्लाय १० अँपिअरचा. पेटीच्या तळाला दोन भोकं पाडली, पाणी साचायला नको. हे आधीच्या कारागिरानं का केलं नव्हतं, देव जाणे.