लहान कुत्रे ‘उगाचच’ भुंकते तेव्हा काय पाहावे

पॉमेरेनियन, पग, शिह त्झू किंवा डॅशहुंड पाळणाऱ्या साताऱ्यातल्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. रात्री सगळी निजानीज झाल्यावर कुत्रे एकाएकी उठते, रिकाम्या कोपऱ्याकडे किंवा बंद दाराकडे टक लावते आणि गुरगुरू लागते. घरातल्या आजी म्हणतात, त्याला काहीतरी दिसतंय. नातू म्हणतो, त्याला खोडच आहे. या दोघांत आजींचे म्हणणे सत्याच्या अधिक जवळचे असते, मात्र ते ‘काहीतरी’ बहुधा फडताळामागचा उंदीर असतो.

माणसाला साधारण 20,000 हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते. कुत्र्याची मर्यादा मात्र 45,000 हर्ट्‌झच्या आसपास असते. उंदीर एकमेकांना जी साद घालतात, तिचा काही भाग या मधल्या पट्ट्यात मोडतो, त्यामुळे आपल्याला शांत वाटणारे स्वयंपाकघर कुत्र्याच्या लेखी गजबजलेले असू शकते. शिवाय लहान कुत्र्याचे नाक फरशीपासून जेमतेम वीतभर उंचीवर असते. दाराच्या फटीतून येणारा वारा जिन्यावरून गेलेल्या मांजराचा वास थेट त्याच्यापर्यंत पोहोचवतो, आणि मांजर केव्हाच निघून गेलेले असल्याने आपण दार उघडतो तेव्हा बाहेर कोणीच नसते.

म्हणून पहिले काम गप्प करण्याचे नव्हे, तपास करण्याचे आहे. आठवडाभर एका वहीत वेळ, जागा आणि कुत्र्याचे तोंड कोणत्या दिशेला होते एवढे टिपून ठेवावे, आणि त्या क्षणी त्याच्या अंगाकडे नीट पाहावे. कान टवकारलेले, मान पुढे आणि नाकपुड्या हलत असतील, तर ते काहीतरी ऐकत किंवा हुंगत आहे. शेपूट पोटाशी, वजन मागच्या पायांवर आणि पाठीवरचे केस ताठ असतील, तर ते घाबरले आहे. हाक मारल्यावर किंवा खाऊ दाखवल्यावर ते भानावर येते की नाही, हेही लिहावे. पुढे पशुवैद्याला याच नोंदीचा सर्वाधिक उपयोग होतो.

त्यानंतर त्याच वेळी, त्याच जागी, दिवे मालवून जमिनीवर बसावे. पाहुण्यांसमोर हे करू नये, पण एकदा करावेच. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होतानाची थरथर, माळ्यावरची खुडबूड, पत्र्यावर चालणारे मांजर आणि ट्यूबलाइटमागे दबा धरून बसलेली पाल या गोष्टी उभ्याने लक्षात येत नाहीत. चार्जर आणि इन्व्हर्टर एकेक करून बंद करून पाहावेत, कारण त्यांतले काही बारीक, उंच पट्टीची शीळ सतत घालत असतात.

मोरी, चपलांचा कप्पा, रचून ठेवलेल्या विटा किंवा सरपण यांच्याकडे तोंड करून कुत्रे हटून बसले असेल, तर तिथे हात घालू नये. आपल्या भागात नाग, घोणस आणि मण्यार तिन्ही आढळतात. कुत्र्याला आधी मागे घ्यावे, लांबून बॅटरी मारून पाहावे आणि साप दिसल्यास सर्पमित्राला बोलवावे. कराड-पाटणकडच्या उसाच्या पट्ट्यात आणखी एक पथ्य पाळावे. रात्री कुत्रे शेताकडे पाहून गुरगुरत आत सरकत असेल, तर ‘जा, बघून ये’ म्हणून त्याला बाहेर सोडू नये. बिबट्याला लहान कुत्रे म्हणजे सोपी शिकार, आणि ऊसतोडीच्या दिवसांत त्याचा आडोसा मोडत असल्याने तो वस्तीजवळ येण्याचा धोका वाढतो.

कोयना परिसरातली माणसे 1967 च्या भूकंपापासून कुत्र्याच्या भुंकण्याकडे वेगळ्याच कानाने ऐकतात. भूकंपाच्या पहिल्या सौम्य लहरी मुख्य हादऱ्याच्या काही सेकंद आधी पोहोचतात आणि त्या कुत्र्याला जाणवू शकतात, इतपत त्यात तथ्य आहे. आदल्या दिवशीच्या भुंकण्यावरून भाकीत करण्यात मात्र अर्थ नाही.

आता सवयीचा भाग. ल्हासा आप्सो तिबेटमध्ये घराच्या आत राखण करण्यासाठीच पाळला जाई, आणि डॅशहुंड जर्मनीत बिळात शिरून शिकार करी, तेव्हा वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला त्याच्या आवाजावरूनच जागा कळे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भुंकण्यासाठी त्यांची निवड झाली, ते फ्लॅटमध्ये आल्याबरोबर थांबेल अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. त्यात आपली वागणूक भर घालते. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले, की लहान कुत्र्यांचे मालक त्यांच्याशी वागताना कमी सातत्य ठेवतात, आणि लहान कुत्र्यांत वारंवार शिक्षा व भित्रेपणा एकत्र आढळतात. हे आपल्याकडेही रोज दिसते: अल्सेशियन गुरगुरला की घर सावध होते, पॉमेरेनियन गुरगुरला की मोबाइलवर व्हिडिओ निघतो आणि त्याला उचलून पापा घेतला जातो.

सुधारणेची रीत साधी आहे, पण घरातल्या सर्वांनी ती सारखीच पाळली पाहिजे. कुत्रे भुंकले की ओरडू नये, कारण त्याला ते आपणही साथीला भुंकत आहोत असेच वाटण्याचा संभव असतो. शांतपणे उठून ते पाहत असलेल्या जागी जावे, पाहावे, ‘बघितलं, बास’ असा ठरलेला शब्द एकदाच उच्चारावा आणि त्याला दुसऱ्या खोलीत बोलवावे. दोन-तीन सेकंद ते गप्प राहिले की लगेच उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा द्यावा आणि हळूहळू ही शांततेची मुदत वाढवत न्यावी. मनुका किंवा चॉकलेट मात्र देऊ नये, दोन्ही कुत्र्यांना विषारी ठरतात. खिडकीतून रस्ता दिसत असेल तर काचेचा खालचा भाग झाकावा, आणि संध्याकाळी वास घेत, रमतगमत चालू देणारा फेरफटका रोज द्यावा. गुरगुरण्याबद्दल मारू तर मुळीच नये. गुरगुरणे ही चावण्याआधीची सूचना आहे. ती मारून बंद पाडली, तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात लागतो.

काही खुणा दिसल्यास मात्र शिकवणी बाजूला ठेवून पशुवैद्य गाठावा. उचलताना किंवा अंगाला हात लावताच गुरगुरणाऱ्या कुत्र्याला बहुधा दुखत असते. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकणे आणि दातांचे विकार नेहमीचे आहेत, आणि पावसाळ्यात कान चिघळतात. नसलेल्या माशा पकडल्यासारखे हवेत तोंड मारणे हा फिटचा प्रकार असू शकतो. म्हातारे कुत्रे रात्री भिंतीकडे पाहत भुंकत असेल, तर दृष्टी, श्रवण आणि मेंदूची झीज यांची तपासणी करून घ्यावी. स्वभाव एकाएकी पालटला, आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली किंवा गिळता येईना, तर रेबीजचा संशय धरावा. अशा कुत्र्याला वेगळे ठेवावे आणि त्याच्या तोंडात हात घालू नये. कोणाला चावा, ओरखडा किंवा लाळेचा संसर्ग झाला असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात लस घ्यावी.

दवाखान्यात टेबलावर ठेवलेले कुत्रे घरातल्यासारखे वागत नाही, म्हणून मोबाइलवर एक-दोन प्रसंगांचे चित्रण करून वहीबरोबर न्यावे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात निदान झाले नाही, तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथे जाताना लसीकरणाचे कार्ड आणि आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवाव्यात.