घोडीचं ठाण आणि सांदवाडी, एकाच आवारात

आमच्या गावात नऊ घरी घोडे आहेत. आर्वी तालुक्यातलं लहानसं गाव. तुळशीच्या लग्नापासून मृग लागेपर्यंत आसपासच्या वराती आमच्याच घोड्यांवर निघतात. सासऱ्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून पहिली घोडी आणली होती, आताची चांदणी ही तिची नात. चांदणीची चंदी, खरारा, नाल हे सगळं आमचे हे बघतात. घरामागची सांदवाडी, म्हणजे परसबाग, माझी.

माझी भाची औंदा घोडेवाल्यांच्या घरात सून म्हणून गेली. तिने फोन करून विचारलं, "मावशी, लीद रोज एवढी निघते, ती सरळ वांग्याला घालू का?" तिला जे सांगितलं, तेच इथे नीट लिहिते.

सरळ घालू नका. गाय रवंथ करते, घोडा करत नाही. त्याने खाल्लेल्या गवताचं बरंच बी जसंच्या तसं लिदीत उतरतं. नवीन असताना मी वांग्याच्या बुडाशी ताजी लीद ओतली होती. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. पुढच्या महिन्यात वाफ्यात वांगी कमी अन् केना, हराळी, कुंदा जास्त. वर अर्धवट कुजलेल्या काडीला उदई लागली आणि मुळाशी हुमणीच्या पांढऱ्या अळ्या निघाल्या. हुमणीचा भुंगा अंडी घालायला असलं कच्चं खतच शोधत येतो. तेव्हापासून कच्ची लीद सांदवाडीच्या फाटकाच्या आत येत नाही.

आमची चांदणी अंगाने लहान आहे, तरी रोजची लीद १४-१५ किलो भरते. मी काट्यावर मोजून पाहिली आहे. वर्षाचा हिशेब पाच टनांच्या वर जातो. त्यात ठाणात अंथरलेला गव्हांडा (गव्हाचं काड) मुताने भिजलेला असतो, तो वेगळाच. तो फेकू नका. मुतात नत्र असतं, आणि गव्हांड्याशिवाय लीद दाबून बसते, आत हवा खेळत नाही.

ढीग लहान असेल तर तो तापत नाही, आणि तापला नाही तर तणाचं बी मरत नाही. म्हणून लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून चार-चार फूट तरी हवीच. एका घोडीच्या लिदीवर एवढा ढीग व्हायला दीड महिना लागतो, तोवर खालची गार होऊन जाते. आम्ही चार घरांनी यावर उपाय काढला. चौघींची लीद एका घरी टाकायची, दहा-बारा दिवसांत ढीग भरला की पुढच्या घरी सुरू करायचं. पाळी ठरलेली आहे, कुणाला हिशेब मागावा लागत नाही. तुमच्या गावात दोन जरी घोडे असतील तरी हे करून पाहा.

रचताना एक थर लीद, वर एक थर कुटार किंवा वाळला पाला. तुरीचं कुटार चालतं, भंडारा-गोंदियाकडे साळीचं तणस घेतात. प्रत्येक थरावर पाणी शिंपडा. ओल किती हवी ते मुठीत घेऊन कळतं: दाबलं की लाडू बांधला गेला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. वैशाखात वरचा थर दोन दिवसांत कोरडा पडतो, तेव्हा संध्याकाळी दोन बादल्या ओता. पावसाळ्यात ताडपत्री टाका, नाहीतर सगळा कस वाहून नालीत जातो.

आता सळईचं सांगते, कारण सगळं त्यावर आहे. माझ्याकडे बांधकामातून उरलेली हातभर लांब लोखंडी सळई आहे. ढीग रचल्यावर चौथ्या दिवशी ती मधोमध खुपसायची आणि तिथेच ठेवायची. चहा ठेवून, पिऊन परत यायचं. सळई ओढून आत गेलेलं टोक मुठीत धरायचं. चटका बसून मूठ आपोआप सुटली, तर आत ५५ अंशांच्या आसपास पारा आहे, काम चाललं आहे. नुसतं कोमट लागलं, तर ओल कमी आहे किंवा ढीग दबला आहे. थंडीच्या सकाळी ढीग उकरला की आतून वाफ निघते, लिदीचे गोळे राखेसारखे पांढरट दिसतात, तो वास मला आता ओळखीचा आहे, भाजलेल्या गवतासारखा. दहा-बारा दिवसांनी सळई गार लागू लागली की पावड्याने ढीग पलटायचा, बाहेरचं आत, आतलं बाहेर. पुन्हा तापतो. असं तीन वेळा. कडेची लीद कधीच आत गेली नाही तर तिच्यातलं बी जिवंतच राहतं, म्हणून पलटण्याचा कंटाळा करू नका.

त्यानंतर दोन महिने त्याला हात लावायचा नाही. खत झालं की नाही ते असं बघा: कुंडीत अर्धी माती अन् अर्धं खत घेऊन मेथी पेरा. चार-पाच दिवसांत मेथी सरळ, हिरवीगार वर आली तर घाला. पिवळी पडली, किंवा सोबत भलतंच काही उगवलं, तर अजून महिनाभर थांबा.

नाडेप टाकीचं, म्हणजे खत कुजवायच्या विटांच्या टाकीचं, पुष्कळ जण विचारतात. ती आपल्याच विदर्भातली, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेला भोकं. १४००-१५०० किलो काडीकचऱ्याला शेण १०० किलोच्या आत लागतं, बाकी गाळलेली माती आणि पाणी. शेण थोडं अन् पऱ्हाटी-पालापाचोळा भरपूर असेल त्या घरी ती टाकी फार कामाची. घोडेवाल्यांकडे लीद जास्त असते, त्यांना उघडा ढीगच सोपा पडतो असं माझं मत आहे.

ढिगाची जागा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला. ठाणाला खेटून नको. ओल्या गव्हांड्यात चावऱ्या माश्या वाढतात, आणि पावसाळ्यात माश्यांचा त्रास घोड्याला नुसता खाजेपुरता नसतो, गोमाश्यांमुळे सर्रा नावाचा रोग पसरतो. ताप येऊन जातो, पुन्हा येतो, घोडी खंगत जाते. असं दिसलं तर घरगुती औषधात दिवस घालवू नका, डॉक्टरांना रक्त तपासायला सांगा. आणि स्वतःसाठी एक: धनुर्वाताचे जंतू लिदीत आणि लीद पडलेल्या मातीत असतात. खुरपं लागलं, काटा रुतला, तर टीटीचं इंजेक्शन झालेलं असलंच पाहिजे. घोडीलाही ते द्यावं लागतं, घोड्याची जात धनुर्वाताला फार हळवी.

घोडीकडून सांदवाडीत काय जावं ते झालं. सांदवाडीतून घोडीकडे काय जावं, यात चूक झाली तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलं ते गेलं.

तीन वर्षांमागे श्रावणात शेजारच्या वहिनींनी कुंपणाची छाटणी केली आणि डहाळ्या आमच्या भिंतीलगत टाकल्या. त्यात पूजेच्या फुलांसाठी लावलेली कण्हेर होती. संध्याकाळी चांदणीने चंदीला तोंड लावलं नाही. मी गव्हाणीत हात घातला तर कडब्याच्या धांड्यांत ती लांब, चिवट पानं, मधली शीर पांढरी. एकाचं अर्धं टोक दातांनी तोडलेलं. डॉक्टर आले, नाकातून नळी घालून पाण्यात कालवलेली कोळशाची पूड पोटात सोडली, आणि रात्रभर छातीला नळी लावून ठोके ऐकत बसले. ठोके चुकत होते. पहाटे तिने पाणी प्यायलं तेव्हा हे ओट्यावर बसून रडले. वहिनींना ठाऊक नव्हतं, मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून लिहिते: कण्हेर हिरवी काय अन् वाळलेली काय, घोड्याला विषच. आवारात असेल तर मुळासकट काढा. एरंडी, धोतरा, रुई, घाणेरी ही पण ठाणाजवळ नकोत.

टमाटर आणि बटाट्याची झाडं, कांदा, कोबी हे गाईपुढे टाकायची सवय असते, घोडीपुढे टाकू नका. सरकीची ढेप आपल्या कापसाच्या मुलखात घरोघरी असते. गाय-म्हैस ती पचवतात, घोडीला ती नको. गाईचं किंवा कोंबडीचं विकत आणलेलं खाद्य तर अजिबात नको, त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं आणि ते घोड्याच्या हृदयावर जातं. पूर्व विदर्भात लाखोळी पिकते, तिच्यावर ठेवलेल्या घोड्याचे मागचे पाय लुळे पडतात, श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज येतो. कवळी ज्वारी आणि कापल्यावर फुटलेले फुटवे टाळा, पक्का वाळलेला कडबा चालतो. बुरशीचं काहीच नको. गाजर पाल्यासकट द्या. लसूणघास दिवाळीच्या सुमारास पेरा, दोन महिन्यांत पहिली कापणी येते, मग महिन्याला एक. घोडीला रोज दोन मुठींपासून सुरू करून हळूहळू वाढवा, एकदम भारा टाकला की पोट फुगतं. आणि त्या लसूणघासाला तिचीच कच्ची लीद घालू नका, जंतांची अंडी फिरून तिच्याच पोटात जातात.

कुंपण काटेरी तारेचं नको. घोडी बुजली की तारेत शिरते आणि कातडं सोलून निघतं. आम्ही वेळूच्या आडव्या काठ्या चार फूट उंचीवर बांधल्या आहेत, आणि कुंपणापासून चार फुटांत काही लावत नाही, कारण मान लांबवून ती तेवढं सहज ओढते. बाहेरच्या अंगाला रोही आणि रानडुकरांसाठी सौर झटका मशीन आहे. घरच्या लाइटीची तार कुंपणाला जोडण्याचा विचारही करू नका, माणूस मरतो.

लागवडीचं थोडक्यात. मृगात दोडके, कारली, बरबटी, भेंडी, कोहळं. दसऱ्यानंतर वांगी, टमाटर, पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर), वालाचा वेल. उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली चिवळ आणि काकडी. चार बाय दहा फुटांच्या वाफ्याला तीन टोपले पक्कं खत पुरतं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तिला या खताने जो भुसभुशीतपणा येतो तो दोन वर्षांनी हाताला कळतो.

पाण्यासाठी एवढंच की चांदणीला रोज तीस लिटरच्या वर पाणी लागतं, मे महिन्यात त्याहून जास्त. सकाळी हौद धुताना उरलेलं आणि अंघोळीचं पाणी आम्ही नालीने काकडीच्या वाफ्यात सोडतो. कालच तिथल्या ढिगात सळई घातली होती, कोमट लागली. दोन बादल्या ओतल्या आहेत, परवा पुन्हा बघेन.